वरचं आधी उतरवा

वडगाव रासाईत विहारासमोरच्या नळावर भांडण पेटलं की बायका पार्वतीबाईंना हाक मारायच्या. पार्वतीबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. कोणतं पोर खरं रडतंय आणि कोणतं दाखवायला, हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. त्यांचा निवाडा अख्खी आळी मानायची. मानत नव्हती ती फक्त त्यांची लेक राजश्री.

"गावाला न्याय आन् मला नुसती समजूत," ती म्हणायची. मागच्या दिवाळीला भावाच्या पोरानं, सम्राटनं, तिच्या प्राचीची रंगपेटी फोडली होती. पार्वतीबाई "असू दे, पोरगंच हाय" म्हणाल्या, आणि राजश्री दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन पुण्याला निघून गेली. या मे महिन्यात ती पुन्हा आली होती. ती आठवडाभर तरी राहावी, एवढीच पार्वतीबाईंची इच्छा होती.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी पडवीत आरडाओरडा झाला.

तेव्हा पोरांत जादूच्या प्राण्यांच्या कार्डांचं वेड होतं. प्राचीनं पुण्याहून आणली होती, सम्राटनं शिरूरच्या बाजारातून. हरणाऱ्यानं आपलं सोनेरी कार्ड द्यायचं, अशी पैज लागली होती.

"आजी, मी वणवा टाकला. समोरचे सगळे प्राणी जळतात," सम्राट म्हणाला.

"मी त्यावर पाऊस टाकला. वणवा विझला," प्राची म्हणाली.

"मी पावसावर वारा टाकला! ढगच उडाले!"

"पण पाऊस आधी पडला ना? वणवा केव्हाच विझला!"

पार्वतीबाई खाली बसल्या. तिन्ही कार्डं एकावर एक पडली होती. "ही तर उतरंड झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडं गाडग्यांची असायची. तळातलं गाडगं पाहिजे असलं तरी हात वरच्यालाच घालावा लागतो. मधलं वढलं तर खापऱ्या गोळा करा. सगळ्यात वर काय हाय?"

"वारा," सम्राट म्हणाला.

"मग आधी वारा. त्यानं पाऊस नेला. आता खाली ऱ्हायला वणवा, तो पेटणार."

सम्राटनं उडीच मारली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली राजश्री म्हणाली, "वाटलंच मला. प्राची, कपडे भर. पाचची जीप मिळंल."

पार्वतीबाईंनी कार्डांची उतरंड पुन्हा वरून खाली पाहिली. पण निवाडा बदलावा असं काही त्यात दिसेना. "थांब गं," त्या म्हणाल्या. "वणव्यात काय काय जळतं ते तर बघू दे."

प्राचीसमोर दोन पाखरं आणि एक कासव होतं. पाखरं गेली. कासवावरचं इंग्रजी प्राचीनं अडखळत वाचलं. "हे कशानंही मरत नाही."

"वणव्यावर 'सगळे' असं लिहिलंय!" सम्राट ओरडला. "सगळे म्हंजी सगळे!"

"आरं, बुद्धपौर्णिमेला खीर सगळ्यांना वाढ म्हणलं होतं तुला. शेजारच्या हौशीराम आप्पांना वाढलीस का?"

"न्हाई. त्यांना साखर हाय."

"मी तर सगळ्यांना म्हणलं होतं."

सम्राट कासवाच्या कार्डाकडं बघू लागला.

"सगळ्यांना म्हंजी ज्यांना चालतं त्यांना. एखाद्याला चालत न्हाई असं सांगितलेलं असलं, तर ते आधी धरायचं. कासव जगलं."

सम्राटच्या हातात आता टाकायला एकही कार्ड उरलं नव्हतं. कासवानं सावकाश डाव जिंकला. सम्राटनं पैजेचं, बाजूला ठेवलेलं सोनेरी कार्ड पुढं सरकवलं. ओठ काढून तो भिंतीकडं बघत बसला.

राजश्रीलाच कसंतरी झालं. "दे गं त्याचं त्याला. रडतोय."

"का म्हणून?" पार्वतीबाई म्हणाल्या. "जिंकलंय तिनं. त्याला रडू दे घटकाभर, मरत न्हाई तो."

राजश्री आईकडं बघत राहिली. मग हसली. "आई, कासव केलंस की गं त्याचं!"

सम्राटलाही हसू फुटलं. ते लपवायला तो पाणी प्यायला उठला. प्राची त्याच्या मागोमाग गेली. आतून आवाज आला, "अजून एक डाव?"

राजश्री खोलीत गेली. पिशवीची चेन वाजली तशा पार्वतीबाई कान देऊन बसल्या. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्राचीचे मळके फ्रॉक होते.

"नळाला पाणी कवा येतंय गं? धुणं भिजत टाकते."

"येईल की आता," पार्वतीबाई म्हणाल्या आणि बादली आणायला स्वतःच उठल्या.