मावशींच्या वाट्याचे पान

हे करुणानिधे तथागता, जगाला दुःख आहे हे तू आधी सांगितलेस, मग त्यातून निघण्याची वाट दाखवलीस. दुःखाला दुःख म्हणायला तू कचरला नाहीस. त्या तुझ्या निर्भय वाणीला वंदन करून एका माउलीची गोष्ट सांगतो.

विहारामागच्या गल्लीत एक जोडपे गाद्या करते. नवरा कापूस पिंजून भरतो, बायको दाभणाने टाके घालते. तिला सारे मावशी म्हणतात. रविवारी सकाळी विहारात सामुदायिक वाचन असते. धम्माचे पुस्तक हातोहात फिरते. ज्याच्या हाती जे पान येईल ते त्यानेच वाचायचे. निवडायचे नाही, टाळायचे नाही. नंतरच्या चर्चेत दुसऱ्याला उपदेश करायचा नाही, बोलायचे ते आपल्या जगण्याचे. हा नियम घालून दिला शाळेतल्या जुन्या बाईंनी. बाई निवृत्त झाल्या, त्यांचा दरारा निवृत्त झाला नाही. मावशी मात्र त्यांच्यासमोरही थट्टा सोडत नसत. घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी वाचताना अडखळले की म्हणत, "किल्ली द्यायची राहिली का हो?" आणि विहारभर हसू पसरे.

मग मावशींची एकुलती लेक तापाने गेली.

टाके पडत राहिले, शब्द थांबले. गिऱ्हाईक येई, शेजारी येत, हवापाण्याचे बोलत. लेकीचे नाव तेवढे कटाक्षाने टाळत. नवराही टाळी, प्रेमापोटीच टाळी. त्याच्या जिवाला एकच घोर होता: ही अशीच आतल्या आत मिटत गेली, तर लेकीपाठोपाठ हीही हातची जाईल. वाचनाला चल म्हणून तो रोज विनवी. अखेर एका रविवारी ती उठली.

नेमके त्या दिवशी मृत्यूचे प्रकरण होते. मावशी येणार हे कळताच बाईंनी सर्वांना सांगून ठेवले, ते प्रकरण सोडू या, जीव पोळलेला आहे. सर्वांनी माना डोलावल्या. करुणाच ती, पण करुणेचाही कधी नेम चुकतो, श्रोतेहो. घड्याळजींनी आपले पान संपवले, पुढची बरीच पाने एकदम उलटली आणि पुस्तक मावशींच्या हाती दिले.

मावशींनी वाचले नाही. "मधली पानं का उडवलीत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, मावशी," बाई म्हणाल्या.

मावशींचा आवाज चढला नाही. "लेक माझी गेली आणि भीती तुम्हाला वाटते? गल्लीत तिचं नाव कोणी घेत नाही, घरात हे घेत नाहीत. मला वाटलं, निदान इथं तरी मरणाला मरण म्हणतील."

पुस्तक ठेवून त्या दाराकडे निघाल्या. तेव्हा बाईंनी पाने मागे उलटली.

"नियम माझा, मोडला मीच. बसा. हे पान तुमचं आहे."

मावशी बसल्या, वाचू लागल्या. एका ओळीवर थांबल्या, तीच पुन्हा वाचू लागल्या. नवऱ्याने पुस्तक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिले नाही. पान संपले, चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "शेवटी ती औषध घेईना. मी ओरडले. तिनं भिंतीकडे तोंड केलं, ते परत माझ्याकडे वळवलंच नाही."

तुमचा दोष नव्हता, असे कोणी म्हटले नाही. नियमच तसा होता. सारे नुसते जवळ बसून राहिले. नवरा तिच्याकडे पाहतच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हते.

घरी परतताना तो म्हणाला, "माझ्याकडे पाणी मागितलं होतं तिनं. मी भांडं घेऊन आलो, तोवर..." गल्लीच्या तोंडाशी दोघे थांबली आणि लेक गेल्यावर पहिल्यांदा एकमेकांदेखत रडली. दुःख हलके झाले, असे मी म्हणणार नाही.

माय, तुझे मंगल असो. तुझ्या घरात लेकीचे नाव मोकळ्या तोंडाने घेतले जावो. तुझ्या हातांना काम आणि डोळ्यांना झोप मिळो, तुझ्या धन्याला तुझी सोबत लाभो, आणि त्या गेलेल्या लेकराला शांती असो.