न ऐकलेल्याचा रिपोर्ट

रविवारी दुपारी मी पोटावर रेडिओ ठेवून आडवा होतो. रक्तदाब वाढलाय, डॉक्टर म्हणतात, रोज तासभर काहीतरी शांत ऐका. लोक बासरी लावतात. मी शॉर्टवेव्हवरचं लांबचं कुठलंतरी स्टेशन लावतो. ज्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही, तिच्यात आपल्याला कुणी काम सांगू शकत नाही. एक बाई बातम्या देतेय, बहुधा. आवाज जवळ येतो, लांब जातो. जवळ येतो.

"सुई जरा डावीकडे घ्या, जावईबापू."

पलंगाच्या कडेला तात्या बसलेत. माझे सासरे; दोन वर्षांपूर्वी गेले. रेडिओ त्यांचाच. आयुष्यभर त्यांनी परदेशी स्टेशनं ऐकली आणि त्यांना रिपोर्ट पाठवले: तारीख, वेळ, काय ऐकू आलं. रिपोर्ट खरा ठरला की स्टेशनकडून रंगीत कार्ड यायचं.

"तुमचा एक रिपोर्ट आलाय," ते म्हणतात. "तपासायचाय."

कुठला, ते मला ठाऊक आहे. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. त्यांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. बाहेर त्यांच्या दोन्ही मुली उभ्या, घराच्या वाटणीवरून सात वर्षं एकमेकींशी न बोललेल्या. "काय म्हणाले?" मी पडलो विनोदी लेखक, तोंडाला येईल ते बोलायची सवय. "दोघी भांडू नका, म्हणाले." तेव्हापासून माझी बायको वृंदा आणि तिची बहीण उज्ज्वला भांडलेल्या नाहीत. माझ्या दुसऱ्या कुठल्याही वाक्याचा कुणावर एवढा परिणाम झालेला नाही.

पलंग आता पोस्टातला बाक आहे. रांगेतला प्रत्येक जण आपापली सलाइनची बाटली उंच धरून उभा आहे. खिडकीच्या काचेपलीकडे तात्याच, चष्मा नाकावर.

"'दोघी भांडू नका.' हे ऐकलंत?"

"साधारण."

"साधारण नावाचं स्टेशन नसतं."

"तात्या, चांगल्यासाठीच मी..."

"ऐकलंत का?"

"नाही."

रांग माझ्याकडे बघते. दोन वर्षं जे विचारायचं राहिलंय ते मी विचारतो. "तुम्ही पाणी तर मागत नव्हतात ना? तांब्या तिथंच होता. मी नुसती मान डोलावून बाहेर आलो."

त्यांचे ओठ हलतात. नेमका रेडिओवरच्या त्या बाईचा आवाज चढतो. मी काचेला कान लावतो.

"मोठ्यानं बोला, तात्या! पाणी म्हणालात?"

खरखर. मग एकदम स्वच्छ:

"अंदाज लिहायचा नाही."

ते एक कोरा कागद काचेखालून सरकवतात. "ऐकलंत तेवढंच लिहा. पत्ता मुलींचा घाला."

मी उठून बसतो. स्टेशन गेलंय. माझ्या मुठीत उशाजवळच्या वहीचा फाडलेला कागद आहे, त्यावर पेन्सिलीनं, वाकडंतिकडं पण माझंच अक्षर: 'काही ऐकू आलं नाही.' खाली सही.

दारात उज्ज्वला, चहा घेऊन. "दाजी, झोपेत ओरडत काय होता? आम्ही दोघी हसून हसून मेलो." आतून वृंदाचं हसू अजून येतंय. "आणि हे काय? नवा विनोद? बघू."

ती हात पुढे करते. कागदाचं एक टोक तिच्या चिमटीत आहे. दुसरं मी अजून सोडलेलं नाही.