चिखलदऱ्याच्या गल्लीतलं अस्वल आणि आमची रबडी

मे महिन्यात अकोल्याच्या कूलरनं हात टेकले तेव्हा माझा नवरा सुधाकर म्हणाला, "चाल, ताईकडे चिखलदऱ्याले जाऊ." शोभाताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती तिथंच राहिली.

अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा रस्ता. परतवाड्याला गाडी बदलायची आणि घाट लागायच्या आधी पोटात फार काही टाकायचं नाही. एसटीत बायकांना तिकीट अर्धं, म्हणून खिडकी सुधाकरनं घेतली. घाट चढलो तशी हवा एकदम गार झाली. वर रबडी छान मिळते. दोघांना पावशेर पुरली असती, पण सुधाकरनं दोन किलो घेतली.

ताईच्या घरी पोचलो तर गल्लीच्या ग्रुपवर एकच बातमी: मागच्या उकिरड्यावर अस्वल येतं. खाली प्रत्येकाचं मत. पिंजरा लावा, फटाके फोडा, फॉरेस्टच्या साहेबाले बोलवा. कचरा कोण टाकतं, हे मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

दुसरा दिवस पंचबोल पॉइंट, भीमकुंड आणि कॉफी यात गेला. हातात स्वेटर ठेवा, मे असला तरी. संध्याकाळी परतलो तोवर रबडी आंबली होती. सुधाकरनं पिशवी मागच्या भिंतीवरून भिरकावली. "खत होईन," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगलं उजाडल्यावर मी चहाचा कप घेऊन मागचं दार उघडलं. ताई परसात जास्वंदी तोडत होती. तिच्यापासून दहा पावलांवर, पडक्या भिंतीच्या खिंडारात, अस्वल बसलं होतं. काळं, केसाळ. नाकावर आमची पिशवी.

ताईनं पाहिलं. ती पळाली नाही. परडी छातीशी धरून, तोंड त्याच्याकडे ठेवून, एकेक पाऊल मागं येत राहिली आणि हळू आवाजात, वर्गातल्या पोराला सांगावं तशी बोलत राहिली, "खाऊन घे बाप्पा. खाऊन घे अन् जाय." उंबऱ्यात आली तशी मी तिला आत ओढलं. दोघी जमिनीवर बसलो. अस्वल पिशवी चाटूनपुसून निघून गेलं.

दहा वाजता वनरक्षक कासदेकर मॅडम आल्या. गल्ली जमली. सुधाकर पाहुणा असूनही सर्वांत पुढे. "तुमी लोक करून काय राहिले? माह्या बहिणीचा जीव गेला असता! पकडा त्याले!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पकडून नेलं तर दुसरं येईन, भाऊ. खायले भेटते म्हणून येते. झाकणाचे डबे ठेवा, कचरा सकाळी गाडीतच टाका, अन् ही भिंत बांधा." मग काठीनं फाटकी पिशवी उचलली. "ही रबडी कोणाची होय?"

सुधाकर आभाळाकडे पाहू लागला.

"माह्या भावाची," ताई म्हणाली.

सगळे हसले. सुधाकरचं तोंड मात्र एवढंसं झालं. शेजारचे पांडेकाका जरा जास्तच हसले, तर ताईनं त्यांच्याकडे मान वळवली. "अन् आंब्याच्या कोया तुमच्या. मासोळीचं पाणी कोणाचं, तेही सांगू काय?" मग कोणीच हसेना.

त्या दिवशीचा गाविलगड किल्ला हुकला. अख्ख्या गल्लीनं उकिरडा उपसला. सुधाकर तोंडाला गमछा बांधून घमेली वाहत होता. संध्याकाळी ताईच्या पिठल्यासोबत त्यानं चार भाकरी खाल्ल्या, पण तिच्याशी नजर काही मिळवली नाही.

अकोल्याला परतून महिना झाला. भिंत बांधून झाली, अस्वल पुन्हा दिसलं नाही, असं ताई फोनवर सांगते. लोक विचारतात, चिखलदऱ्याला काय पाहिलं? सुधाकर त्यांना ताईच्या हिमतीची गोष्ट रंगवून सांगतो. अस्वल तिथं कशानं आलं होतं, तेही हल्ली स्वतःच सांगतो. तेवढं सांगताना त्याचा आवाज खाली जातो.

मी मध्ये बोलत नाही. मला ती दहा पावलं दिसत असतात.