सातव्या घराचं कापड

माझ्या पाठचे दोन भाऊ बाळसं धरायच्या आतच गेले. म्हणून तिसऱ्या खेपेला आईने ठरवलं, की पोराखाली अंथरायचं दुपटं घरच्या कापडाचं नकोच. सात लेकुरवाळ्या घरांतून जुनं कापड मागून आणायचं, त्याचे चौकोन कापायचे आणि ते जोडून दुपटं शिवायचं. अशा मागून आणलेल्या चिंध्यांवर निजणाऱ्या पोराकडे मरण वळून बघत नाही, अशी आमच्या आळीतल्या बायकांची पक्की समजूत होती.

मागायला मला पाठवलं. मी दहा वर्षांची होते, दिवसभर गावभर उंडारायची आणि खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर मिळायचं, त्यामुळे चिंधीसुद्धा कुणी सुखासुखी देत नसे. एकीने नवऱ्याच्या सदऱ्याची बाही दिली, तीही कोपरावर विरलेली. मोहल्ल्यातल्या एका खालाने लेकीच्या कुर्त्याचा हिरवा घेर टर्रकन फाडून हातात ठेवला आणि पोर सलामत राहो म्हणाली. असे सहा तुकडे झाले. सातवं घर खाडीच्या वाटेवर होतं, मिठागराच्या मुकादमाचं. त्यांचं कुत्रं मागच्याच महिन्यात एकाला चावलं होतं. मी अर्ध्या वाटेतून परत फिरले.

घरी आले तेव्हा काकी विहिरीवर गेली होती. काकी म्हणजे धाकट्या काकाची बायको. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या तिच्या हातच्या, तांदळाच्या दाण्याएवढे टाके आणि एकही वाकडा नाही. सुईत दोरा ओवायला मला तिनेच शिकवलं. पण या दुपट्याच्या वेळी आईने तिला तोंडावर सांगितलं होतं, "तुजी सुई याला नको. या खोलीत पाय पन टाकू नको." काकी बरं म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

तिचं गाठोडं कोनाड्यात असायचं. मी ते सोडलं. तळाशी निळ्या ठिपक्यांचं एक मऊ कापड होतं, हातभर. मी त्यातला चौकोन कापला, बाकीचं तसंच घडी करून ठेवलं, आणि हे मुकादमाच्या घरचं म्हणून आईला नेऊन दिलं.

आईला शिवणकाम येत नव्हतं. टाके लांडे-लांब पडले, कोपरे जुळले नाहीत. काकी उंबऱ्याबाहेरून ते बघायची आणि तिची बोटं आपोआप पदराची कड मुडपत राहायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटत असे.

भाऊ झाला. बारशाला घर बायकांनी भरलं. काकी दाराशी, सगळ्यांच्या मागे बसली होती. पाळण्यात दुपटं अंथरलं तशी ती उठली, सरळ पुढे आली आणि निळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवू लागली.

आईने तिचा हात झटकला. "तुजा हाय हा तुकडा?"

काकीने हात पदराखाली घेतला. आई माझ्याकडे वळली. मला चिंचेची शिपटी डोळ्यांपुढे दिसली.

"काकीनं दिला," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी वर जोडलं, "कुनाला सांगू नको म्हनाली."

त्या दुसऱ्या वाक्याची मला आजही शिसारी येते. पहिलं भीतीने निघालं होतं. दुसरं मी पटावं म्हणून बेतून बोलले.

काकीने माझ्याकडे पाहिलं. आता ही खरं सांगणार आणि माझी पाठ सोलून निघणार, असं मला वाटलं.

"हां, मीच दिला," ती म्हणाली. "चुकलं माजं."

मग आईने तिला सगळ्या बायकांच्या मध्ये बसवून तो तुकडा उसवायला लावला. इतके दिवस जी सुई तिला वर्ज्य होती ती आता तिच्या हातात दिली. काकीने एकेक टाका सावकाश काढला, कुठे कापड फाटू दिलं नाही. तुकडा सुटला तसा तिने तो कमरेला खोचला. दुपट्याला चौकोनी भोक पडलं.

दोन दिवसांनी भावाला साधी सर्दी झाली आणि दोन दिवसांत बरीही झाली. पण तेवढं पुरलं. वांझेची सावली पडली, असं आळीभर झालं. काकाचं दुसरं लग्न नेरे गावच्या मुलीशी ठरलं, ती आईची मावसबहीण. दुसरी बायको करायला तेव्हा कायदा आड येत नव्हता. काकीला चिरनेरला माहेरी धाडायचं ठरलं.

बैलगाडी दाराशी आली तेव्हा काकीने मला जवळ बोलावलं. मी थोबाडीत खायच्या तयारीनेच गेले.

"ते माज्या पोराच्या झबल्याचं कापड होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या पयल्या साली शिवाया घेतलेलं. तुला लागत होतं तर मागायचं. मी दिलं असतं."

नेऱ्याच्या काकीलाही मूल झालं नाही. तिला मात्र कुणी माहेरी धाडलं नाही.

पुढे मी पहिल्या बाळंतपणाला पनवेलला माहेरी आले. मुलगी झाली. तिला मांडीवर घेतल्यावर मला राहवेना आणि मी आईला सगळं सांगून टाकलं. आई शेगडीत कोळसे घालत होती. तिने मान वर केली नाही.

"मला तवाच ठावं हाय. मुकादमाची बायको बारशालाच बोलली, तुमची पोर आमच्याकडं कापडाला आलीच नाय. म्हंजे भिऊन काकीच्या गाठोड्यात हात तूच घातला."

"मग तू गप्प का बसलीस?"

"नेऱ्याची सोयरीक आदीच ठरली होती. काकीला धाडायला कारन मिलत नव्हतं. ते तू दिलंस."

मग ती उठली आणि ट्रंकेतून एक जुनं दुपटं काढून माझ्या मुलीखाली अंथरलं. मी जन्मले तेव्हा माझ्याखाली होतं तेच. काकी तेव्हा नवी नवरी होती, तिला अजून कुणी वांझ म्हणत नव्हतं, म्हणून माझं दुपटं तिच्याकडूनच शिवून घेतलं होतं. बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकही निसटलेला नाही.

"तिच्या हातचं हाय. धडधाकट हाय अजून," आई म्हणाली.

मुलगी त्यावर लगेच झोपली. मी तिला तिथून उचललं नाही. पनवेलहून चिरनेर काही लांब नाही, आणि काकी त्यानंतर नऊ वर्षं जगली. मी एकदाही गेले नाही.