ड्रॉइंगवर उठलेला भज्यांचा अंगठा

मंडळी, आजची माझी फजिती दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच आपल्या बिल्डिंगच्या फळ्यावर लावतो.

अंधेरीच्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढतो. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं बघून बघून शिकलो. पण अठरा वर्षांत एकही कागद खराब केलेला नाही.

आज चार वाजता रोजच्यासारखी कांदाभजी खाल्ली, हात फडक्याला पुसले आणि पाचला द्यायचं ड्रॉइंग पुढे ओढलं. शेवटची रेघ मारतो, तर शाई धरेचना! थेंब थेंब होऊन बसली. कागद उजेडात धरला, तर तिथे माझा तेलकट अंगठा.

शेजारच्या टेबलावरचा सावंत म्हणाला, "अण्णा, सही येणा नाय म्हणान अंगठो मारलास?"

सगळे हसले. मी गुपचूप शाई टिपली, खडूची पूड चोळून झटकली आणि रेघ पुन्हा मारली. धरली! पाचला दोन मिनिटं असताना साहेबांची सही झाली.

मग सावंताचा कागद पाहिला. लख्ख! का नसेल? बायको मला रोज फुटाणे-गूळ बांधून देते, ते मी त्याला देतो आणि स्वतः भजी खातो. आज त्याच्याकडची उरलेली पुडी परत मागितली, तर म्हणतो, "मगे माझां काय?" शेवटी अर्धी अर्धी खाल्ली. रोज संध्याकाळी छातीत जळजळतं, ते आज भजी खाऊनही अजिबात नाही; गुळाचा गुण असावा.

उद्यापासून दोन पुड्या लागतील. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती हा फळा वाचतेच.

चार वाजता तुम्ही काय खाता? खाली लिहा, पेन्सिल दोरीला बांधली आहे. फक्त आधी हात धुऊन या.