रेघेबाहेरची टोपली

“हात सैल सोड वं.”

हे ती दिवसातून पन्नासदा म्हणायची. समोर बसलेल्या बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी असा दाब द्यायची की पंजा आपोआप निमुळता व्हायचा, आणि बाई काही बोलायच्या आत बांगडी मनगटावर जाऊन बसलेली असायची. कासारणी तुम्हीही पाहिल्या असतील. पुष्कळ जणी बांगडी चढवताना हात सोलून काढतात. हिच्यासमोर ‘आई गं’ म्हणणारी बाई मी पंधरा वर्षांत ऐकली नाही. उलट बायका डोळे मिटून घेत.

मी गल्ल्यावरून बघतोय हे तिच्या लक्षात आलं की म्हणायची, “काय पाहून राहिला गा शेठ? तूही हात सैल सोडत जा कधी. मूठ आवळून आवळून नखं रुतली असतील.”

नागपूरची सारी सीताबर्डी तिला मावशी म्हणायची. मीही म्हणायचो, पण दातओठ खाऊन.

माझं दुकान मी फुकटात मिळवलेलं नाही. काटोलहून डोक्यावर साबणाची पेटी घेऊन मी नागपुरात आलो. दारोदार फिरलो, आणि दहा वर्षांनी सीताबर्डीवरच्या एका म्हाताऱ्याचं सुवासिक तेला-साबणाचं दुकान घेतलं. त्या सौद्यात मी म्हाताऱ्याला कपाटांपासून कुलपापर्यंत प्रत्येक गोष्टीत खाली आणलं. त्याने शेवटी एकच अट घातली, तीही तोंडी: ओट्यावर कासारीण बसते, ती बसेल. मला वाटलं, आठ दिवसांत उठवू. तिथेच चुकलं.

ती उठली नाही. मग मी ओट्यावर तेलरंगाने एक लाल रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे तिची टोपली, पलीकडे माझं गिऱ्हाईक. रोज सकाळी टोपली रेघेच्या चार बोटं पलीकडे असायची.

“मावशी, रेघ.”

“कुठी हाये रेघ?”

“टोपलीखाली.”

“मंग टोपलीले दिसत नाई, तिचा काय दोष?”

पंधरा वर्षं आमच्या दिवसाची सुरुवात अशी झाली. खरं सांगायचं तर बायका ओट्यावर तिच्याकडे यायच्या आणि जाता जाता माझ्या दुकानात चढायच्या. हे मला ठाऊक होतं. मी ते तिच्यापाशी कधी कबूल केलं नाही.

आता माझी तक्रार सांगतो. सदर भागातल्या एका साहेबी दुकानात मी मडमेचं चित्र लावलेला, तोंडाला चोळायचा स्नो पाहिला, आणि तसला स्नो आपण करायचा असं ठरवलं. वर्षभर खटपट करून केलाही. नाव ठेवलं हेमगौरी. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडून पुरुषभर उंचीचं चित्र काढून घेतलं: दुधासारखी गोरी बाई, मुठीत मावेल अशी कंबर, हातात सोन्याच्या बांगड्या. खाली मजकूर मी स्वतः लिहिला: ‘गोरी कांती, सडपातळ बांधा, पतीच्या मनातली हक्काची जागा.’ चित्राच्या छापील प्रती गावोगाव पाठवल्या आणि मूळ चित्र दाराशी लावलं.

मावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिली. ओट्यावर सात-आठ बायका होत्या.

“शेठ, ही बांगडी हिच्या हातात गेली कुठून?”

“म्हणजे?”

“मनगट काडीएवढं, आन बांगडी त्याले चिकटून बसली. पंजा पाह्य तिचा. या पंजातून ही बांगडी येते का? आधी बांगडी ठेवली आन मंग त्यातून हात उगवला वाटते!”

बायका हसल्या. एक म्हणाली, “कंबर त पाह्य वं. हिचं जेवण उतरते कुठून?”

“जेवतच नसंल बिचारी,” मावशी म्हणाली. “जेवू घाला कोणी तिले.”

झालं. चित्रातल्या बाईचं नाव ‘उपाशी’ पडलं. बायका दाराशी येऊन विचारायच्या, “काय गा शेठ, आज तरी जेवली का तुमची उपाशी?” हेमगौरीच्या डब्या फळीवर धूळ खात पडल्या. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कोणी डूख धरतं का? माल तुमचा असता म्हणजे कळलं असतं.

नागपुरात हसं झालं तरी बाहेर माल खपत होता, तो भास्करमुळे. भास्कर माझा फिरता विक्रेता. वर्धा, अमरावती, यवतमाळ, जिथे रेल्वे जाते तिथे तो जायचा. बोलण्यात असा गोड की दुकानदार नको म्हणता म्हणता डझनभर डब्या ठेवून घ्यायचे. त्याने चित्राची एक प्रत घरी लावायला मागितली. मी खूश होऊन दिली.

त्याची बायको सुलोचना मावशीकडे बांगड्या भरायची. मावशी माणसांची नावं विसरायची, माप विसरत नसे. संक्रांतीला सुलोचनेला अडीचचं माप लागलं होतं. चैत्रात ती आली तेव्हा त्याच बांगड्या हात खाली केला की गळून पडत होत्या. मावशीने तिचा पंजा हातात घेतला, बोटांनी चाचपला, कोपरापर्यंत पदर सारला आणि पुन्हा होता तसा नीट केला. विचारलं काहीच नाही. “हात सैल सोड,” एवढंच म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सुलोचना आपणहून बोलली. चित्र चुलीसमोर लावलेलं होतं. चित्रातल्यासारखी कंबर होईपर्यंत दिवसाला एक भाकर. दर शनिवारी तो दोऱ्याने तिची कंबर मोजायचा. दोरा कमी भरला नाही की मारायचा.

संध्याकाळी मावशीने टोपली आवरता आवरता हे सगळं मला सांगितलं. माझा निम्मा माल भास्करच्या जिभेवर खपत होता. मी म्हणालो, “मावशी, ते नवरा-बायकोचं आहे. आपण काय करणार?”

ती टोपली उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली रेघेच्या आत होती, बरोबर आत. तिसऱ्या दिवशीही. मला ते बिलकूल आवडलं नाही.

रविवारी भास्करला मालाची यादी द्यायला मी त्याच्या घरी गेलो, तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि मधोमध मावशीची टोपली होती. तिने प्रत्येकीचा डावा हात भरला आणि मग पाठ भिंतीला टेकली.

“उरलेले हात?” भास्करने विचारलं.

“पाठ भरून आली बाप्पा. थोडं थांबावं लागते.”

“मग या बायांना घरी जाऊ द्या.”

“एक हात भरलेली बाई दारातून उठवत नसतात. घराले बाधते,” ती शांतपणे म्हणाली. हा नियम मी नंतर चार कासारणींना विचारला. एकीनेही ऐकलेला नव्हता.

मग डबे निघाले. पाटोडी, वडाभात, पुरणपोळ्या. “घरधनीण जेवल्याबिगर आमच्या घशाखाली उतरत नाई,” असं म्हणून त्यांनी सुलोचनेला मध्ये बसवलं. ती खाली मान घालून जेवत होती आणि रडत होती. बायका तिच्याकडे न बघता पुरणात जायफळ घालावं की वेलदोडा, यावर भांडत होत्या. भास्कर येरझारा घालत होता.

“बसा ना भाऊ,” एक म्हणाली. “तुमालेही भरू का दोन-दोन?”

भास्कर पायात जोडे अडकवून निघून गेला. मी यादी खिशात ठेवून परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तासभर झाला असेल. सुलोचना ओट्याशी आली. दोन्ही मनगटं मोकळी होती आणि काचांनी कापलेली. त्याने फुंकणीने सगळ्या बांगड्या फोडल्या होत्या आणि तिला घराबाहेर काढलं होतं. मावशीने तिला पाणी दिलं, आणि पहिल्यांदाच दुकानात चढून माझ्यासमोर उभी राहिली.

“शेठ, मागची खोली पाहिजे.”

“तिथे माल आहे.”

“माल बाहेर काढ.”

“किती दिवस?”

“तिले पाहिजे तितके.”

सौदा म्हटला की मी तोंड बंद ठेवू शकत नाही. म्हणालो, “ठीक आहे. पण मोबदल्यात तुम्ही घरोघर माझ्या स्नोची तारीफ करायची.”

तिने क्षणभर विचार केला. “एक गोष्ट सांगीन. खरी असंल तीच. पण सगळ्या बायांले सांगीन.”

“खोली एक महिना.”

“मंग अर्धीच गोष्ट सांगीन.”

“मावशी, भास्कर माझा माणूस आहे. धंदा बुडेल माझा!”

तेव्हा तिने आपला डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. तो हात मी इतकी वर्षं रोज बघत होतो. मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं.

“हा मोडला होता तवा त्या म्हाताऱ्याने मले ओटा देला. कोण, कुठची, काहून आली, काही नाई विचारलं. शेठ बदलला. दुकान तेच हाये ना?”

मी किल्ली काढून दिली.

“आन ते चित्र काढ.”

“ते सौद्यात नव्हतं!”

“आता हाये.”

तेवढ्यात भास्कर आला. ओट्यावर बायका जमल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत तो वर चढला. “शेठ, माझी बायको मागे आहे म्हणे. बाहेर पाठवा.”

“तिला यायचं असेल तर येईल.”

“असं कसं? मी काय वाईट केलं तिचं?” तो हसून म्हणाला, गिऱ्हाइकाशी हसायचा तसंच. “तुमचीच जाहिरात घरात चालवून राहिलो होतो ना मी. पतीच्या मनातली हक्काची जागा. लिहिलं कोणी? तुम्हीच ना?”

माझं डोकं फिरलं. तो खोटं बोलला असता तर मी कदाचित तोडपाणी केलं असतं. मी उठलो, दारावरचं चित्र खिळ्यांसकट उपटलं, गुंडाळलं आणि त्याच्या छातीशी दाबलं.

“ही घेऊन जा. ही तुझी बायको. जेवण मागत नाही, मारलं तर रडत नाही. संसार कर हिच्याशी. आणि उद्यापासून माझ्या मालाला हात लावायचा नाही!”

“आन तिले जेवू घाल रे कधी,” ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा ओटा हसला. त्या हसण्यातूनच त्याला खाली उतरावं लागलं. तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा ओट्यावर दहा-दहा बायका होत्या. त्या तिथे कशा असायच्या, कोण निरोप द्यायचं, मला कळलं नाही. सात घरांनी सुलोचनेच्या जेवणाचे सात वार वाटून घेतले होते, तेही मला महिनाभराने समजलं. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मावशीने आपला शब्द पाळला. महालापासून धरमपेठेपर्यंत प्रत्येक घरात तिने माझ्या स्नोबद्दल एक खरी गोष्ट सांगितली: हातावर चोळला की बांगडी झटकन चढते, साबणापेक्षा बरा.

तेव्हापासून माझा हेमगौरी स्नो नागपुरात ‘बांगडीचा मलम’ म्हणून खपतो. डबीवर सोनेरी अक्षरं आहेत, ती कोणी वाचत नाही. एक बाई तोंडाला लावेल तर शपथ. खप पहिल्यापेक्षा दुप्पट आहे, हे खरं. पण वर्षभर खपून मी सौंदर्यप्रसाधन केलं होतं, बांगडीचा मलम नव्हे. आयुष्यात मी इतके सौदे केले. हरलो तो हा एकच, आणि राग अजून गेलेला नाही.

सुलोचना मागच्या खोलीत राहिली आणि मावशीच्या शेजारी बसून काम शिकली. पहिल्या वर्षी तिच्या हातून बांगड्या फुटायच्या. मावशी म्हणायची, “फुटू दे वं. काच हाये, हात नाई.” दोन दिवाळ्यांत सुलोचनेचं माप पुन्हा अडीचवर आलं. ते मावशीने मला ओट्यावरून ओरडून सांगितलं, जणू पोरगी मॅट्रिक पास झाली होती.

गेल्या पौषात मावशी गेली. दोन दिवस थोडा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी खेळ संपला. दहाव्या दिवसापर्यंत ओटा रिकामा होता. मला तो फार रुंद वाटला.

अकराव्या दिवशी सुलोचनेने टोपली मांडली. एक नवी नवरी समोर बसली होती, भ्यालेली. “हात सैल सोड वं,” आवाज आला आणि मी झटकन वर पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं. टोपली रेघेच्या आत होती. दुसऱ्या दिवशीही. आपल्यामुळे कोणी रागावू नये, ही जुनी सवय त्या मुलीच्या अंगातून अजून गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती पाणी आणायला मागे गेली तेव्हा मी ओट्यावर आलो, इकडेतिकडे पाहिलं आणि टोपली पायाने ढकलली. चार बोटं.

ती परत आली. टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“शेठ, रेघ.”

“कुठी हाये रेघ?” मी म्हणालो आणि गल्ल्यावर जाऊन बसलो.

मागे ती हसली. मोठ्याने.