माझ्या वतीने

प्रकाशकांच्या ऑफिसात मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि काचेपलीकडे वीणाताई माझ्या कादंबरीविषयी बोलत होत्या. वीणाताई माझ्या एजंट. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की कादंबरी त्यांनीच लिहिली असावी. पूर्वी मी स्वतः असा एका प्रकाशकांकडे गेलो होतो, तेव्हा "सवडीनं वाचा" एवढंच पुटपुटून परतलो होतो.

त्या बाहेर आल्या. "छापायला तयार आहेत. पण शेवट बदला म्हणतात. घर सोडून गेलेली मुलगी परत यायला हवी."

"बदलतो की," मी घाईघाईने म्हणालो.

"ती परत येईल, असं वाटतं तुम्हाला?"

मी शेवटचं पान मनात पुन्हा वाचलं. मग म्हणालो, "नाही. ती नाही येणार."

त्या वळल्या आणि माझ्या वतीने नकार द्यायला पुन्हा आत गेल्या. त्यात त्यांच्या कमिशनचंही नुकसान होतं. लिहिताना माणूस इतका एकटा असतो, की नंतर कुणाचाही होकार त्याला पुरेसा वाटतो. अशा वेळी त्याच्या पुस्तकाची त्याच्याहून जास्त काळजी करणारं कुणी हवं असतं.

पुढे दुसऱ्या एका प्रकाशकांनी कादंबरी जशीच्या तशी छापली. प्रकाशनाच्या दिवशी एक बाई डोळे पुसत जवळ आल्या. "माझी लेक अशीच गेली हो. तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत."

मी त्यांना वीणाताईंकडे घेऊन गेलो आणि म्हणालो, "हे यांना सांगा."